मुलांच्या वतीने बोलणारे

पहिलीपासून हिंदी शिकवण्याचा शासन निर्णय १६ एप्रिल २०२५ रोजी निघाला, १७ जूनला दुरुस्त झाला आणि २९ जूनला गुंडाळला गेला. त्या अडीच महिन्यांत महाराष्ट्रात जो तो मुलांच्या वतीने बोलत होता. एक बाजू म्हणे, लहान वयात कितीही भाषा पचतात; दुसरी म्हणे, कोवळ्या डोक्यावर ओझे नको. माझा कल दुसऱ्या बाजूकडे होता आणि अजूनही आहे. पण तिच्याच व्यासपीठांवरून एक विधान इतक्या सहजपणे फेकले जात होते की त्याचा समाचार घेणे भाग आहे. मराठी शाळेत मूल आपल्या भाषेत शिकते, म्हणून ते मोकळे असते आणि शिकण्याची ओढ त्याला आपसूक लागते, असे ते विधान. ज्यांना ते पटते त्यांनी नालासोपारा स्टेशनवर पश्चिमेला उतरून गासपर्यंत यावे.

गास, भुईगाव, निर्मळ, वाघोली या पट्ट्यातल्या सामवेदी ख्रिस्ती घरांत कादोडी बोलतात. आसपास वाडवळी आहे, आगरी आहे, तालुक्याच्या पूर्वेला वारली आहे आणि वाढत्या नालासोपाऱ्याबरोबर आलेली भोजपुरीही आहे. यातल्या बहुतेक मुलांना पुस्तकातली मराठी परकी नसते, पण घरचीही नसते. मुलाने तोंड उघडले की आधी उच्चार दुरुस्त होतो, मग क्रियापद, आणि तोवर ते सांगत काय होते हे कुणाच्या लक्षात राहत नाही. दुरुस्ती बहुधा मायेनेच होते. म्हणून तर तिच्यावर राग धरता येत नाही. असे काही वेळा झाले की मूल ‘हो बाई’, ‘नाही बाई’ यावर भागवायला शिकते. वरच्या वर्गात गेल्यावर याच मुलाविषयी शिक्षकांच्या खोलीत ऐकू येते की याला शिकायची इच्छाच नाही. मग दहावीच्या तोंडावर एखादा प्रेरणादायी वक्ता बोलावला जातो. ज्याला कुणी ऐकले नाही त्याच्यावर उपाय म्हणून त्यालाच आणखी दोन तास ऐकायला बसवायचे, हा तोडगा आपल्याला विनोदी वाटत नाही याचेच नवल.

कायद्यात काही कमी आहे असे नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम २९ सांगते की शिक्षण शक्यतो मातृभाषेतून असावे, मूल भयमुक्त असावे आणि आपली मते मोकळेपणी मांडायला त्याला मदत व्हावी. त्याच्या पाठोपाठ २०१० मध्ये महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. शिक्षकाने प्रत्येक मुलाकडे लक्ष द्यावे आणि त्याच्याविषयी वर्णनात्मक नोंद करावी, ही कल्पना नामी होती. पुढे काय झाले ते शिक्षकांना विचारा. तयार नोंदींच्या पुस्तिका निघाल्या, मग पीडीएफ फिरू लागल्या. ‘स्वतःचे मत आत्मविश्वासाने मांडतो’ हे वाक्य जिल्ह्याजिल्ह्यांत उतरवले गेले. त्यात मत मांडायला एकही मूल लागले नाही.

प्रेरणेवर एडवर्ड डेसी यांचा १९७१ चा प्रयोग नेहमी सांगितला जातो: कोडी सोडवायचे पैसे मिळू लागलेले विद्यार्थी, पैसे थांबताच, मोकळ्या वेळात कोड्यांना पूर्वीइतका हात लावेनात. बक्षीस समारंभांची हौस असलेल्यांनी तो वाचावा. मला मात्र मेरी बड रो यांचे काम अधिक मोलाचे वाटते. प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण एकच सेकंद थांबतो, असे त्यांना अमेरिकेतल्या विज्ञानाच्या तासांत आढळले. ती वाट तीन सेकंदांवर नेली की उत्तरे लांबतात, ‘माहीत नाही’ कमी होते आणि ज्यांना ‘ढ’ म्हणून सोडून दिले होते तीही मुले बोलू लागतात. घरची बोली मनात पुस्तकी मराठीत फिरवणाऱ्या मुलाला एका सेकंदात काय जमणार?

तरीही थांबणे पुरत नाही, आणि इथे ताराबाई मोडकांकडे वळावेच लागते. त्यांची कर्मभूमी आपलाच पालघर जिल्हा. जिल्हा २०१४ चा, त्यांचे काम त्याआधीचे. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीत काम सुरू केले आणि १९५७ मध्ये कोसबाडला नेले. अनुताई वाघ सोबत होत्या. माँटेसरीची महागडी साधने बाजूला ठेवून त्यांनी पाने, खडे, शिंपले घेतले. बालवाडी वस्तीतल्या अंगणात नेली. गुरे राखणारी मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच गायरानात गेली. तिला कुरणशाळा म्हणतात. ताराबाईंचे स्मरण आपण वात्सल्याची मूर्ती म्हणून करतो आणि त्यांच्या बुद्धीवर अन्याय करतो. मुलांची गैरहजेरी हे त्यांनी उत्तर मानले. ‘हजर नाही’ एवढी नोंद करून त्या पुढे गेल्या नाहीत. त्या उत्तराने त्यांनी शाळेची जागा, वेळ आणि साहित्य बदलले. ऐकणे याचा अर्थ मी एवढाच घेतो: मुलाच्या म्हणण्याने शिक्षकाचे पुढचे पाऊल बदलले पाहिजे. ते बदलत नसेल तर हसरा चेहरा आणि ‘छान, बस खाली’ हे सौजन्य झाले. मुलांना हा फरक कळतो. आपल्या बोलण्याने काही हलते हे दिसले की ती पुन्हा बोलतात. प्रेरणा म्हणून जिचा गाजावाजा चालतो ती बव्हंशी एवढीच असते. जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून तयार करा असे सांगितले, तेही याच कारणाने: लोकांत मिसळणाऱ्यालाच त्यांच्या गरजा आणि इच्छा समजतात.

यावर एक आक्षेप मला अडवतो. पटसंख्येचा नव्हे; तीन सेकंद साठ मुलांच्या वर्गातही सापडतात. आक्षेप असा: कादोडीतले उत्तर डोक्यावर घेतलेत, पण बोर्डाची उत्तरपत्रिका, बँकेचा अर्ज, मुलाखत कुठल्या भाषेत असते? अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ लिसा डेल्पिट यांनी १९८८ मध्ये उदारमतवाद्यांना हेच सुनावले होते: सत्तेचे संकेत तुमच्या मुलांना घरीच मिळतात, आमच्यांना ते शाळेने उघडपणे शिकवले नाहीत तर कुठून मिळणार? हे मला मान्य करावे लागते, आणि मग वर दुरुस्तीवर ओढलेले ताशेरे अर्धे मागे घ्यावे लागतात. प्रमाण मराठी न शिकवणे हाही न ऐकण्याचाच प्रकार आहे. मुलाला पुढे जायचे आहे, हे त्यात ऐकलेले नसते. उरतो तो क्रमाचा प्रश्न. विहिरीचे पाणी खारट का झाले, हे गासच्या मुलाने आपल्या बोलीत सांगितले तर आधी पाण्याविषयी पुढचा प्रश्न यावा, वाक्य मग सुधारावे. उलट क्रमाने वाक्य सुधारते, पण पाण्याचे बोलणे तिथेच संपते.

शिक्षक हे करत नाहीत याचे एक कारण असे की त्यांचेही कुणी ऐकत नाही. जनगणना, निवडणूक, आपत्ती मदत यांपलीकडची अशैक्षणिक कामे शिक्षकांना देऊ नयेत, असे कलम २७ म्हणते. प्रत्यक्षात मोबाईलवर रोज नवी माहिती भरायची असते. तपासणीला आलेला अधिकारी टाचण पाहतो, वह्या पाहतो. कुणाच्या उत्तराने कुठला पाठ बदलला, हे विचारत नाही. टाचणात तसा एक रकाना घाला, असे सुचवण्याचा मोह होतो. पण मग पुढच्या जूनपर्यंत त्याच्याही तयार नोंदी बाजारात येतील.