परतलेल्याची साक्ष

हल्ली शहराचा वारसा म्हटला की ‘हेरिटेज वॉक’ आलाच. रविवारी सकाळी वीसेक माणसं निघतात, मार्गदर्शक थांबेल तिथे थांबतात, फोटो काढतात आणि शेवटी पोहे खातात. यात वाईट काही नाही. पण शहर पायी समजून घेणं म्हणजे एवढंच, हा समज उथळ आहे. रायपूरच्या बाबतीत तर तो शहराचं नुकसान करणारा आहे, कारण दाखवण्यासारखं इथे जे होतं त्यातलं बरंच आता उभंच नाही.

‘रायपूर म्हणजे काही सिएना नव्हे,’ म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. इटलीतल्या सिएनाने १९६०च्या दशकातच जुन्या शहरातल्या मोटारी बंद केल्या. दगडाचं गाव, टिकलं. आपलं गाव माती-पाण्याचं. जुन्या किल्ल्याच्या दोन बाजूंना तलाव होते. किल्ला गेला, बूढा तलाव राहिला. राज्यांचंही तसंच: नागपूरच्या भोसले घराण्यातले बिंबाजी रतनपूरला बसले, १८१८ नंतर इंग्रजांनी ठाणं रायपूरला आणलं, १८५४ साली नागपूरचं राज्यच खालसा झालं. हे सगळ्यांना ठाऊक आहे.

मला खोडायचं आहे ते दुसरंच, आणि जास्त वजनदार मत. रायपूरच्या तात्यापारा-बूढापारा या जुन्या वस्त्यांतून नागपूर-पुण्याला गेलेला माणूस उतारवयात परत येऊन गल्ल्या धुंडाळतो तेव्हा तो शहर पाहत नाही, स्वतःचं बालपण पाहतो. त्यापेक्षा नवख्याची नजर स्वच्छ, असं हे मत. यात तथ्य आहे. आठवण खोटं बोलते, लहानपणीचा ओटा नेहमीच मोठा असतो. पण नवखा जे आहे तेवढंच पाहू शकतो. शास्त्री बाजारात त्याला भाजी दिसते, बुजवलेला लेंडी तलाव दिसत नाही. रजबंधा मैदानात त्याला वर्तमानपत्रांच्या कचेऱ्या दिसतात, तिथला तलाव दिसत नाही. कुणी म्हणेल, तलाव होता हे पुस्तकात वाचता येईल. येईल की! पण कुठल्या गल्लीतून बायका पाण्याला उतरत, धुणं कुठे नि अंघोळ कुठे, हे पुस्तकात नसतं. नवख्याला तर विचारायचं काय, हेच माहीत नसतं.

बरं, परतलेल्याची आठवण तपासायची कशी? पायांनी. गाडीत न जाणवणारा उतार चालताना पोटऱ्यांना कळतो. कारण नसताना रुंद होऊन संपणारी गल्ली कळते. पाऊस पडला की पाणी आपली जुनी जागा शोधत जातं, तेही कळतं. आठवण एक सांगते, जमीन दुसरं. मग माणसाला थांबावं लागतं, समोरच्या पानवाल्याला विचारावं लागतं, क्वचित आपला हट्ट सोडावा लागतो. जमिनीने उलटतपासणी घेतलेली आठवण ती साक्ष. जिची कुणी तपासणीच केली नाही, ते स्मरणरंजन. टीकाकार या दोन्ही गोष्टी एकाच पोत्यात भरतात. जन्मभर इथेच राहिलेला माणूसही या कामी थोडा कमीच पडतो, असं मी भीतभीत म्हणेन. बदल त्याच्या डोळ्यांदेखत इतका हप्त्याहप्त्याने झाला, की त्याला तो दिसेनासाच झाला.

उदाहरणच घ्या. बूढापाऱ्यात डे भवन आहे. १८७७ साली वडिलांच्या कामानिमित्त कुटुंब रायपूरला आलं, तेव्हा नरेंद्र दत्त, म्हणजे पुढचे स्वामी विवेकानंद, तिथे राहिला. त्यामुळे बूढा तलाव विवेकानंद सरोवर झाला, पुतळा आला, कारंजी आली. जवळच माधवराव सप्र्यांच्या नावाची शाळा आहे. घरी मराठी बोलणारा हा माणूस १९०० साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ मासिक काढतो, ‘दासबोध’ आणि ‘गीतारहस्य’ हिंदीत नेतो. आम्हा मराठी मंडळींना अभिमान वाटतो आणि तेवढ्यावर आमचं काम भागतं. डे भवनापुढचा फलक कुणीही वाचेल. त्या दारातून तलावाचं पाणी दिसायचं का, मधे काय उभं राहिलं, शाळेची पोरं पोहायला कुठून पळायची, हे विचारायला मात्र गाव सोडून गेलेला आणि परत आलेला माणूस लागतो. तो येतो दिवाळीत, चार दिवसांसाठी, नातवाचा हात धरून. त्या चार दिवसांत त्याला एखाद्या फेरीच्या पुढे चालायला लावावं आणि मार्गदर्शकाने वही घेऊन मागून यावं, एवढीच माझी सूचना आहे.