एका रात्रीचे जेवण आणि मूठभर पोहे

मागच्या महिन्यात सत्संग आटोपल्यावर एक साधक बंधू थांबले. म्हणाले, "निवृत्त झाल्यापासून आमच्या कचेरीतले जुने सहकारी दर दोन-तीन महिन्यांनी कुठेतरी जातात. एका दिवसाची सहल, एकत्र जेवण, गप्पा. मलाही आग्रहाने बोलावतात. जावेसे वाटते, जातोही; पण परत आल्यावर मन खाते. तेवढा वेळ साधनेला दिला असता तर बरे झाले नसते का?"

हा प्रश्न आपल्यापैकी अनेकांच्या मनात येत असेल. जुन्या मित्रांची ओढ आहे, आणि ती ओढ म्हणजे आसक्ती तर नव्हे ना, अशी शंकाही आहे. म्हणून आज या साध्या वाटणाऱ्या गोष्टीचा थोडा नीट विचार करू या.

पहिली गोष्ट म्हणजे मित्रांबरोबर बाहेर जाऊन जेवणे ही आपल्या परंपरेला परकी गोष्ट नाही. भागवताच्या दहाव्या स्कंधात कृष्ण आणि गोपाळ यमुनेच्या वाळवंटात जेवायला बसतात. कृष्ण मध्ये, भोवती गोपाळांची रिंगणे. प्रत्येकाने घरून शिदोरी आणलेली, प्रत्येक जण आपल्या शिदोरीची चव दुसऱ्याला दाखवतो आहे, हसतो आहे, हसवतो आहे. हे दृश्य पाहून प्रत्यक्ष ब्रह्मदेव बुचकळ्यात पडला. आपल्याकडे काला होतो तो याच प्रसंगाची आठवण म्हणून. पंढरीची वारीसुद्धा काल्याशिवाय पुरी होत नाही. कार्तिकात आवळीखाली भोजनाला जाण्याची रीत आपल्या आजी-आजोबांनी पाळली, तीही धर्म म्हणूनच.

तेव्हा जाण्यात दोष नाही. त्या पंगतीत आपण कसे बसतो, हा खरा प्रश्न आहे. हे मला फार उशिरा कळले, आणि ते एका चुकीतून कळले. ती चूक माझीच होती.

एक रिकामी झालेली जागा

आम्ही इंदूरला एकाच कार्यालयात नोकरी केलेले अकरा जण. जवळजवळ तीस वर्षे दुपारचे डबे एकत्र उघडले. आमच्यातला एक मित्र रोज एक छोटी डबी आणायचा, लसणाच्या चटणीची. त्याच्या डब्यातली भाजी त्याच्यासाठी उरायची, पण चटणी कधी उरली नाही. वहिनींना हे माहीत होते, म्हणून चटणी आमच्या हिशेबानेच पाठवलेली असायची.

निवृत्तीनंतर आम्ही सहली सुरू केल्या. आधी ओंकारेश्वर, मग मांडू. बसने जायचे, शिदोरी न्यायची, संध्याकाळी परत. हळूहळू कोणाची मुले परदेशी गेली, कोणी मोठी गाडी घेतली, आणि सहलही मोठी झाली. आता रिसॉर्ट ठरू लागले. माणशी चार हजार रुपये. चटणीवाला मित्र एकदा आला. पुढच्या वेळी त्याचा गुडघा दुखत होता, त्याच्या पुढच्या वेळी नातवाची परीक्षा होती. मुलाचा धंदा बुडाल्याचे आणि कर्जाचे हप्ते त्याच्या पेन्शनमधून जात असल्याचे आम्हाला दुसरीकडून कळले.

तेव्हा मी त्याला फोन केला. मोठ्या मनाने म्हणालो, "अरे, पैशांचा विचार करू नकोस. तुझे आम्ही सगळे मिळून भरतो. तू फक्त ये."

तो क्षणभर काही बोलला नाही. मग "बघतो" म्हणाला. तो आला नाही, आणि त्यानंतर त्याने माझा फोन उचलणेही बंद केले.

वर्षभर मी मनात हेच धरून होतो की मी तर मदत देऊ केली, अभिमान त्याला आडवा आला. इतरांनाही मी तसेच सांगितले. आपण एखाद्यावर उपकार करायला जातो, आणि तो नाकारतो, तेव्हा आपले मन किती चटकन न्यायाधीश होते, हे आपणही अनुभवले असेल.

दोन मित्र, दोन राजे

त्या काळात मी महाभारताचे आदिपर्व वाचत होतो. द्रोण आणि द्रुपद हे बालमित्र. एकत्र खेळले, एकत्र शिकले. पुढे द्रुपद पांचालांचा राजा झाला आणि द्रोण दारिद्र्यात राहिले. एके दिवशी द्रोण त्याच्या दरबारात गेले आणि म्हणाले, मी तुझा मित्र आलो आहे. द्रुपदाने उत्तर दिले की मैत्री बरोबरीच्यांत होते, राजाची आणि दरिद्री माणसाची होत नाही. तेव्हाची आपली मैत्री कामापुरती होती, आणि काळ सगळेच झिजवतो, तशी मैत्रीही झिजते.

इथपर्यंत बहुतेकांना ठाऊक असते. मी थबकलो ते पुढच्या एका वाक्यापाशी. द्रोण पुढे भीष्मांना ही हकिकत सांगतात, तेव्हा द्रुपदाचे आणखी एक बोलणे सांगतात. द्रुपद म्हणाला होता की, हवे तर एका रात्रीचे जेवण मी तुला देईन.

म्हणजे द्रुपदाने मित्राला उपाशी परत पाठवले नाही. जेवण देऊ केले होते! आणि नेमके तेच द्रोणांच्या मनात रुतून बसले. पुढचा इतिहास आपण जाणतो. अर्जुनाकरवी द्रुपदाला बांधून आणणे, अर्धे राज्य घेणे, द्रुपदाचा सुडासाठी यज्ञ, त्यातून धृष्टद्युम्न. कुरुक्षेत्रावर युद्धाच्या पंधराव्या दिवशी द्रोणांच्या हातून द्रुपद पडला, आणि त्याच दिवशी द्रुपदाच्या मुलाने द्रोणांचे मस्तक उडवले. त्या दोन मित्रांपैकी कोणीच वाचला नाही.

आता दुसरी जोडी पाहा. तिथेही एकाच गुरूकडचे दोन विद्यार्थी, तिथेही एक राजवैभवात आणि दुसरा फाटक्या वस्त्रात, तिथेही वर्षानुवर्षांनी भेट. सुदाम्याच्या पत्नीने शेजाऱ्यांकडून चार मुठी पोहे मागून आणले आणि फडक्यात बांधून दिले. द्वारकेचे वैभव पाहून सुदाम्याला ती पुरचुंडी बाहेर काढण्याची लाज वाटली. कृष्णाने त्याचे पाय धुतले, त्याला आपल्या पलंगावर बसवले, सांदीपनींच्या आश्रमातल्या त्या रात्रीची आठवण काढली, जेव्हा सरपण आणायला गेलेले हे दोघे वादळात सापडले आणि एकमेकांचा हात धरून रात्रभर रानात भटकले. आणि मग कृष्णाने काय विचारले? "तुला काय हवे?" असे नाही विचारले. "माझ्यासाठी घरून काय आणलेस?" असे विचारले. सुदामा खाली मान घालून बसला, तेव्हा कृष्णाने ती पुरचुंडी स्वतः ओढून घेतली आणि मूठभर पोहे खाल्ले.

फरक आपल्या लक्षात आला का? द्रुपदाने मित्राला जेवण देऊ केले आणि मैत्री तुटली. कृष्णाने मित्राकडून जेवण मागून घेतले आणि मैत्री अमर झाली. सुदाम्याला पुढे ऐश्वर्य मिळाले, पण ते त्याच्या हातावर ठेवले गेले नाही. त्याने मागितले नाही, कृष्णाने बोलून दाखवले नाही. घरी पोचल्यावर ते दिसले. त्या भेटीत देणारा सुदामा होता आणि घेणारा द्वारकाधीश.

माझ्या फोनमधले वाक्य मी पुन्हा आठवले. "तुझे आम्ही भरतो." ते वाक्य शब्द बदललेले, पण द्रुपदाचेच होते. तीस वर्षे ज्याची चटणी आम्ही हक्काने खाल्ली, त्याला मी एका फोनमध्ये घेणारा करून टाकले होते.

चौकातले पोहे

एका रविवारी सकाळी मी त्याच्या घरी गेलो. सहलीचा विषय काढायचा नाही, असे ठरवूनच गेलो होतो. त्याने दार उघडले, थोडा वेळ अवघडलेला गेला. मग तो म्हणाला, "चल, चौकात पोहे खाऊ." इंदूरची सकाळ पोह्यांशिवाय होत नाही, हे तिथे राहिलेल्यांना सांगायला नको. वर शेव, जिरावन, शेजारी गरम जिलबी. खाऊन झाल्यावर सवयीने माझा हात खिशाकडे गेला. तिथेच मी तो थांबवला. पैसे त्याने दिले. मी म्हणालो, "अजून एक जिलबी सांग." तो हसला. वर्षभरानंतर मी त्याला हसताना पाहत होतो.

पुढची सहल आम्ही उज्जैनची ठरवली. इंदूरहून पंचावन्न किलोमीटर. बस, आणि प्रत्येकाने घरून एकच पदार्थ आणायचा. क्षिप्रेच्या काठी जाऊन आलो, सांदीपनी आश्रमात गोमती कुंडापाशी थोडा वेळ बसलो, मग झाडाखाली शिदोऱ्या उघडल्या. ती छोटी डबी आमच्यात पुन्हा आली होती. जेवणाच्या आधीच ती रिकामी झाली.

साधनेची श्रीमंती

वाचकहो, हे पैशांपुरते असते तर मी इतके लिहिले नसते. आपण साधनामार्गावर आहोत, म्हणून आपल्यासाठी आणखी एक धोका आहे. द्रुपद व्हायला राज्यच लागते असे नाही. जप वाढला, वाचन झाले, चार लोक नमस्कार करू लागले, की आपल्यालाही वाटू लागते की आता यांच्याशी आपली बरोबरी राहिली नाही. मग आपण जुन्या मित्रांत बसतो खरे, पण थोडे उंचावर. त्यांच्या थट्टेत हसत नाही. कोणी आपले दुःख सांगू लागला, तर ते पुरते ऐकण्याआधीच त्याला प्रारब्धावर चार वाक्ये ऐकवतो. कोणी प्रेमाने ताट पुढे केले, तर आपले नियम सर्वांना ऐकू जातील असे सांगतो. एकादशी असेल तर ती अवश्य पाळावी, पण फराळाचा डबा गुपचूप उघडूनही ती पाळता येते.

उपदेश देणे हेही एका रात्रीचे जेवण देण्यासारखेच असू शकते. त्यात अन्न असते, आदर नसतो.

गीतेच्या सहाव्या अध्यायात समबुद्धी सांगताना भगवंत सुहृद आणि मित्र हे दोन शब्द वेगवेगळे वापरतात. शंकराचार्यांनी भाष्यात फरक स्पष्ट केला आहे की मित्र म्हणजे स्नेह करणारा, आणि सुहृद म्हणजे परतफेडीची अपेक्षा न ठेवता भले करणारा. मित्र असणे आपल्याला आयुष्याने आपोआप दिले. शाळेने दिले, कचेरीने दिले. मित्राचा सुहृद होणे मात्र आपल्याला करावे लागते. ही साधना नाही तर काय? आणि ती आसनावर एकट्याने बसून होत नाही. जो आपल्याला आपल्या नावाने, अरे-तुरेने हाक मारतो, ज्याने आपल्या नोकरीतल्या चुका, राग, भित्रेपणा सगळे पाहिले आहे, त्याच्यासमोर बसल्यावर आपला अहंकार किती उतरला आहे, हे लगेच कळते.

म्हणून त्या साधक बंधूंना मी एवढेच सांगितले की जरूर जा, पण जाताना चार गोष्टी सोबत न्या.

खर्च ठरवताना सर्वांत लहान खिसा डोळ्यांसमोर ठेवा, आणि तो कोणाचा आहे, हे कोणाला कळू देऊ नका.

प्रत्येकाला काहीतरी आणू द्या. ज्याच्याकडे कमी आहे, त्याच्याकडे मागा. त्याच्या हातचे, त्याला येणारे, त्याला आठवणारे काहीतरी.

जो हजर नाही त्याच्याबद्दल तो हजर असता तर बोललो असतो, तेवढेच बोला. जुन्या सहकाऱ्यांच्या गप्पा इथेच घसरतात.

आणि परत येताना गाडीत मोजा, कोण आले नव्हते. कारण विचारण्यासाठी फोन करू नका. त्याच्या घरी जा, आणि त्याने जे पुढे ठेवले ते आनंदाने खा.

आमच्या अकरांपैकी आता नऊ उरलो आहोत. वेळ कोणाजवळच फार नाही. आपल्याही पंगतीतली एखादी जागा गेले काही महिने रिकामी असेल. ती कोणाची, हे हा लेख वाचताना आपल्याला आठवले असेलच. येत्या रविवारी सकाळी तिकडे एक फेरी मारू या. जाताना हात रिकामे असले तरी चालतील. पोट मात्र रिकामे ठेवून जाऊ या.