एका खोलीपुरती ऊब

2016 साली लक्ष्मीपूजन 30 ऑक्टोबरला, रविवारी आलं आणि त्याच पहाटे आयर्लंडमधली घड्याळं एक तास मागे गेली. आदल्या दिवशी सहाच्या सुमाराला मावळलेला सूर्य त्या दिवशी डब्लिनमध्ये पाचच्या आतच दिसेनासा झाला. पणत्यांना याहून सोयीचा मुहूर्त कुठला? पण दिवाळी चार दिवसांची. पणत्या आवरल्या तरी काळोख वाढतच राहतो, आणि डिसेंबरात तर चार वाजून गेले की दिवे लावावे लागतात. आपल्याकडे शरद म्हणजे पाऊस सरल्यावरचं मोकळं आकाश आणि गच्चीवरची कोजागरी. इथे शरद म्हणजे माणसांनी घरात शिरायचे दिवस. जुन्या आयरिश कालगणनेनुसार तो 1 ऑगस्टला सुरू होतो आणि 1 नोव्हेंबरला हिवाळा लागतो. हॅलोविनची रात्र त्या उंबरठ्यावरची.

या दिवसांत दुकानं मऊ पांघरुणांनी आणि दालचिनीच्या वासाच्या मेणबत्त्यांनी भरतात. घ्यायला हरकत नाही. पण घर उबदार कशानं होतं, याचं उत्तर मला तिथल्या शेल्फांपेक्षा जुन्या आयरिश खेड्यातल्या घरात जास्त सापडतं. त्या घरात आग एकच. स्वयंपाक तिच्यावर, ओले कपडे तिच्यासमोर, म्हातारी माणसं तिच्या कडेला. जळण म्हणजे टर्फ, दलदलीतून विटांसारखं कापून उन्हावाऱ्यात वाळवलेलं. रात्री निखाऱ्यांवर राख ओढायची, संत ब्रिजिडचं नाव घेऊन प्रार्थना म्हणायची आणि सकाळी राख सारून आग पुन्हा फुलवायची. आपल्या पणज्यांनी तरी वेगळं काय केलं? गोवरीचा निखारा राखेत पुरून ठेवायचा, तोही विझला तर शेजारणीकडून विस्तव मागून आणायचा.

या चित्राचे गोडवे गाताना एक गोष्ट विसरली जाते. ती माणसं आगीभोवती जमत ती आग एकच होती म्हणून. जिव्हाळा असेल, नसेलही. बाजूच्या खोलीत गारठा मात्र नक्की होता. सासूशी अबोला धरलेली सूनही तिथेच बसायची. शिवाय धूर होता. दगडी कोळशाच्या धुरानं डब्लिनची हवा इतकी बिघडली, की 1990 मध्ये तिथे धूर करणाऱ्या कोळशाच्या विक्रीवर बंदी आली आणि 2022 च्या ऑक्टोबरअखेर ती देशभर लागू झाली. बोर्ड ना मोना या सरकारी कंपनीनंही 2021 मध्ये दलदलीतून टर्फ काढणं कायमचं थांबवल्याचं जाहीर केलं. ते योग्यच झालं.

आता खोलीखोलीत रॅडिएटर आहे. ऊब घरभर पसरली आणि तिच्यामागे माणसंही पांगली. ज्याची त्याची खोली, ज्याचा त्याचा पडदा. पूर्वी जे गरिबीनं आपोआप घडत होतं ते आता ठरवून करावं लागतं. म्हणून माझ्या मते सगळ्यात साधा उपाय असा, की संध्याकाळी झोपायच्या खोल्यांमधले रॅडिएटर कमी करावेत आणि एकच खोली नीट तापवावी, जिथे जेवायचं टेबल आहे ती. मुलांचा अभ्यास तिथेच, भाजी निवडणं तिथेच, आईबाबांना फोनही तिथूनच. मुलं कुरकुर करतात, मग थंडी त्यांना घेऊन येते. बिलही उतरतं, आणि आयर्लंडमधलं बिल पाहिलेल्याला हे कारण पुरेसं असतं.

नवख्या मराठी घराला दुसरी एक गोष्ट लवकर पटत नाही: उबेसाठी खिडकी उघडावी लागते. कुकरच्या शिट्ट्या, उकळती आमटी, रॅडिएटरवर वाळत घातलेले कपडे आणि थंडीच्या भीतीनं आठवडाभर बंद खिडक्या. काचांवरून पाणी ओघळू लागतं आणि कपाटामागच्या कोपऱ्यात काळी बुरशी धरते. अशा घरात हीटिंग कितीही चालवलं तरी ओल अंगाला बिलगलेलीच राहते. सकाळी दहा मिनिटं समोरासमोरच्या खिडक्या उघडाव्यात, पातेल्यावर झाकण ठेवावं, स्वयंपाक करताना पंखा लावावा. यात रम्य काही नाही, पण मेणबत्तीआधी हे.

आयरिश घरातली माझी आवडती जागा मात्र हॉट प्रेस. गरम पाण्याच्या टाकीभोवतीचं हे कपाट. त्यात टॉवेल, चादरी रचलेल्या असतात आणि काढताना त्या कोमट लागतात. इथल्या बायका पावाची कणीक फुगायला तिथे ठेवत आल्या आहेत. आपण इडलीचं पीठ आणि विरजण ठेवतो. नव्या, उत्तम ऊर्जा-मानांकनाच्या घरांत टाकीवर इतकं जाड आवरण असतं, की कपाट तापतच नाही. तिथे पीठ ओव्हनमध्ये, नुसता आतला दिवा लावून.

दिव्यांच्या बाबतीत आपण हट्टी आहोत. छताला पांढराशुभ्र दिवा नसला तर घरात कुणी आजारी आहे की काय असं वाटतं. इथे लोक संध्याकाळी छताचा दिवा बंद करून कोपऱ्यातले पिवळे दिवे लावतात, आणि चार-पाच तासांच्या काळोखात तेच डोळ्यांना मानवतं. आकाशकंदील बाहेर लावायचा तर वाऱ्याशी गाठ. 2017 मध्ये लक्ष्मीपूजनाच्या तीनच दिवस आधी, 16 ऑक्टोबरला, ओफेलिया वादळ आलं. तेव्हा कंदील आतून खिडकीत टांगणंच शहाणपणाचं. 1990 मध्ये राष्ट्राध्यक्षपदी निवडून आलेल्या मेरी रॉबिन्सन यांनी परदेशी गेलेल्या आयरिश लोकांसाठी आपल्या निवासस्थानाच्या खिडकीत दिवा ठेवला होता. आपला कंदील कुणासाठी, असं शेजाऱ्यानं विचारलं तर सांगायला मराठी माणसाकडेही बरंच असतं.

आणि शेजारी. खेड्यात रात्री ज्या घरी सगळे जमत, त्याला रॅम्बलिंग हाऊस म्हणत. पत्ते, गाणी, भुताच्या गोष्टी; निमंत्रण नाही, पाहुणचार असला तर चहाचा. परदेशातले आपले मात्र दोन आठवडे आधी तारीख ठरवतात, मग यजमानीण दोन दिवस स्वयंपाकघरात राबते, आणि पुढची भेट तिच्या थकव्यापायी लांबते. आठवड्यातली एक संध्याकाळ ठरवून टाकावी. यायचं त्यानं यावं, मुगाची खिचडी आणि भाजलेला पापड मिळेल. पाहुण्यांनी आणू म्हटलं तर तूप आणावं. आयर्लंडमध्ये लोणी उत्तम मिळतं, कढवायचं तेवढं बाकी असतं.