कैवारी

एप्रिल २०२१. आई गेली त्या दुपारी नागपुरात ऊन रणरणत होतं आणि रस्त्यावर रुग्णवाहिकांखेरीज फारसं काही नव्हतं. कबरस्तानात आम्ही चौघंच होतो. पाळकसाहेबांनी मास्कमधूनच प्रार्थना केली, मूठमाती दिली, दहा मिनिटांत सगळं उरकलं. एरवी आमच्या मंडळीत कुणी गेलं की त्या घरी सतरंज्या अंथरल्या जातात, पेटी येते, ‘उपासना संगीत’ उघडलं जातं. त्या वर्षी यातलं काहीच झालं नाही. मोबाइलवर मात्र फुलांच्या चित्रांवर छापलेले संदेश सकाळ-संध्याकाळ येत होते. देवाची काहीतरी योजना असेल. देव सोसवेल तेवढंच देतो. ते वाचून मला राग यायचा, आणि राग आला म्हणून पुन्हा अपराधी वाटायचं.

चौथ्या दिवशी फाटकाची कडी वाजली. गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या, आमच्याच मंडळीतल्या मावशी खांबावर डबा ठेवून चार पावलं मागे उभ्या होत्या. तीन पुडांचा स्टीलचा डबा, झाकणावर कोरलेलं त्यांच्या मुलाचं नाव. तो ऐन विशीत अपघातात गेला होता. डब्यात वरण-भात, वर तूप, कागदात बांधलेलं लिंबाचं लोणचं. “जेवून घे,” एवढंच म्हणाल्या. मी डबा उचलून आत जाईपर्यंत डोक्यावर पदर घेऊन उन्हात थांबल्या. असं नऊ दिवस चाललं. त्या नऊ दिवसांत त्यांनी देवाचं नाव एकदाही घेतलं नाही. तरी मला मिळालेलं ते सगळ्यात ख्रिस्ती सांत्वन होतं असं मी मानते, आणि असं का मानते ते नीट सांगायला हवं.

पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या सुरुवातीला पाच वचनांत सांत्वनाचा शब्द मूळ ग्रीकमध्ये दहा वेळा येतो. त्याचं म्हणणं असं, की आपल्याला दुःखात जो आधार मिळाला तोच घेऊन आपण दुसऱ्या दुःखिताकडे जायचं. आणि लगेच पुढे तो कबूल करतो, की आशिया प्रांतात आपल्यावर एवढं संकट आलं की जगण्याचीही आशा उरली नव्हती. हे कबूल करताना त्याला लाज वाटत नाही. त्या ग्रीक शब्दाच्या मुळाशी ‘बाजूला बोलावणं’ असा अर्थ आहे. त्याच धातूपासून आलेला शब्द योहानाच्या शुभवर्तमानात पवित्र आत्म्यासाठी वापरला आहे, आणि आपल्या मराठी शास्त्रात त्याला ‘कैवारी’ म्हटलं आहे. हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. कैवारी समजूत घालत नाही, तो बाजू घेतो. ‘होईल सगळं ठीक’ असं लांबून म्हणणाऱ्याला आपण मराठीत कधी कैवारी म्हणणार नाही.

पंडिता रमाबाईंचं आयुष्य याच अर्थाने वाचावं लागतं. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात वडील अनंतशास्त्री, आई आणि थोरली बहीण त्यांच्या डोळ्यांसमोर गेले. पुढे भाऊ आणि नवराही गेले. १८८३ मध्ये त्यांनी इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. १८९६ मध्ये मध्य प्रांतात, म्हणजे नागपूर ज्याची राजधानी होतं त्या प्रांतात, दुष्काळ पडल्याचं कळलं तेव्हा त्या स्वतः तिकडे गेल्या. उपासमारीने खंगलेल्या मुली आणि विधवा घेऊन परतल्या. त्यांना घर, शेत, शिक्षण, हाताला काम मिळालं ते केडगावच्या मुक्ती सदनात. भुकेने माणूस कसा मरतो हे रमाबाईंना कुणी सांगायची गरज नव्हती. त्या मुलींच्या सांत्वनाला त्या निघाल्या त्या धान्य आणि छप्पर यांची सोय करतच.

नागपुरात बसून हे लिहिताना मात्र एक आक्षेप टाळता येत नाही, टाळूही नये. १४ ऑक्टोबर १९५६ ला याच शहरात लाखोंनी दुःखाच्या कारणाशी भिडणारा धम्म स्वीकारला. ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांच्या स्थितीवर बाबासाहेबांनी लिहून ठेवलं आहे, की तुझी अवनती दुष्ट समाजव्यवस्थेमुळे झाली हे सांगण्याऐवजी या माणसाला ती तुझ्या पापामुळे झाली असं शिकवलं जातं, मग तो त्या व्यवस्थेशी लढणार कसा? हा घाव वर्मी बसतो. सोसणं पवित्र आहे असं आपल्या प्रवचनांनी किती दलित घरांना शिकवलं, याचा हिशोब आपण कधी मांडलेला नाही. १९५० च्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना त्यात घेतलं गेलं. दलित ख्रिस्ती अजून बाहेर आहेत. एकाच वस्तीतल्या, एकाच जातीच्या दोन चुलत भावांपैकी बौद्ध झालेल्याला दाखला मिळतो, ख्रिस्ती झालेल्याला नाही. त्या दुसऱ्या घरात जाऊन नुसती प्रार्थना करून चहा पिऊन उठणं, याला मी सांत्वन म्हणायला तयार नाही. त्याच्या अर्जासाठी, त्याच्या खटल्यासाठी मंडळी उभी राहिली तर तो शब्द वापरावा.

अर्थात सगळ्या दुःखांवर अर्ज करता येत नाही. आई परत येणार नव्हती. तिथे बाजू घेणं म्हणजे उत्तर न देता थांबणं. ईयोबाचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर ते खरे मित्र होते. मग त्यांची कारणमीमांसा सुरू झाली आणि सगळं बिघडलं. लाजराला उठवणार हे माहीत असूनही येशू आधी रडला, हेही मला विसरता येत नाही.

डबा परत द्यायला गेले तेव्हा रिकामा न्यायचा नाही म्हणून साखर घातली होती. मावशींनी साखर काढून घेतली, डबा धुतला, पुसला आणि माझ्याच हातात दिला. “राहू दे तुझ्याजवळ,” म्हणाल्या.

गेल्या पावसाळ्यात मागच्या गल्लीतल्या एका घरातला कर्ता मुलगा गेला. ते ख्रिस्ती नाहीत, फारशी ओळखही नव्हती. वरण-भात घेऊन गेले खरी, पण दारात उभी राहिले तेव्हा काय बोलावं ते सुचेना. त्या घरच्या आईने डबा घेतला, झाकणावरच्या अक्षरांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, “हा कोण?” मग मी चपला काढल्या, आत जाऊन तिच्याजवळ बसले आणि त्याच्याबद्दल सांगितलं.