विमान उडवणारा कारकून

मला विमान उडवता येते. हसू नका. वाणिज्य शाखेचा पदवीधर, बँकेत कारकून, वय पंचेचाळीस आणि एस.टी.त मळमळणारा गृहस्थ, तरीही येते. गेल्या गणपतीत चिखल्याला भावाकडे गेलो, तेव्हा पुतण्याने मला संगणकापुढे बसवले. जुहूहून उडालो, किनारा धरून डहाणू गाठले आणि चिखल्याच्या सुरूच्या बनात विमान घातले. पुतण्याने एक कळ दाबली. विमान पुन्हा जुहूला, मी जिवंत, सुरूची झाडे जागच्या जागी!

"काका, सुधारताय तुम्ही," तो म्हणाला. इतके उत्तेजन साहेबाने मला वीस वर्षांत दिलेले नाही. दहाव्या खेपेला चाके नीट टेकली. शेजारचा तांडेल दारातून बघत होता. "वरून मासळी दिसते का?" एवढेच त्याने विचारले.

तसा हा नुसता पोरखेळ नव्हे. एडविन लिंक नावाच्या अमेरिकनाने वडिलांच्या ऑर्गनच्या कारखान्यातली भात्यांची विद्या वापरून १९२९ साली जमिनीवरच डोलणारे विमान बनवले. आजचे खरे वैमानिकही अशाच, पण कितीतरी थोर यंत्रांत घाम गाळतात. मग त्यांच्यात आणि माझ्यात फरक तो काय? फक्त गणवेशाचा?

उत्तर न्यूयॉर्कला सापडते. १५ जानेवारी २००९ रोजी कॅप्टन सलेनबर्गर यांच्या विमानावर रानहंसांचा थवा आदळला आणि दोन्ही इंजिने बसली. त्यांनी विमान हडसन नदीत उतरवले. १५५ माणसे होती, सगळी वाचली. पुढे चौकशीत वैमानिकांना यंत्रात बसवून तोच प्रसंग उभा केला. पक्षी आदळताक्षणी विमान वळवले, तेव्हा काहीजण विमानतळावर सुखरूप पोहोचले. म्हणजे नदीत उतरायची गरजच नव्हती? पण मग विचार करायला ३५ सेकंद लागतील असे धरून पाहिले, तर विमान धावपट्टीपर्यंत पोहोचलेच नाही.

यंत्रातल्या मंडळींना पुढे काय होणार हे ठाऊक होते. कॅप्टनला आधी विश्वास ठेवायचा होता की हे खरेच घडले आहे, आणि तेही मागे १५० प्रवासी बसलेले असताना. ते ३५ सेकंद घरच्या खुर्चीत मिळत नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, कारकुनाला या सेकंदांचे काय? सांगतो. आमच्या शाखेत एका नव्या पोराने पहिल्या तारखेच्या गर्दीत एका खातेदाराला दहा हजार जास्त दिले. संध्याकाळी रोकड जुळेना. पोराने पगारातून हप्त्याहप्त्याने भरले. मी तेव्हा पासबुके भरत होतो, पंख्याखाली. सगळ्यांदेखत म्हणालो, "मी असतो तर दोनदा मोजल्या असत्या." निकाल लागल्यावर मीही अचूक विमान वळवले होते! त्याच्यापुढची रांग, मागून ओरडणारी माणसे, यांतले माझ्या खुर्चीपर्यंत काहीच पोहोचले नव्हते.

ते वाक्य मागे घ्यायची कळ पुतण्याच्या संगणकावर नाही. मी शोधली.

"काका, पुन्हा उडवताय?" त्याने विचारले.

"थांब रे," मी म्हटले, "आधी एक फोन करायचाय."