मुतगय्यर की रूपांतरित?

भूगोलाचा एकच धडा दोन भाषांत वाचला की कधी कधी दोन वेगळे विचार हाती लागतात. खडकांच्या धड्याचे तसेच आहे. तप्त शिलारस थंड होऊन बनतो तो अग्निजन्य, उर्दूत आतिशी. गाळाचे थर दबून बनतो तो स्तरित, उर्दूत तहदार. इथवर दोन्ही भाषांचे एकमत आहे. तिसऱ्या खडकापाशी वाटा फुटतात. मराठी त्याला रूपांतरित म्हणते. म्हणजे वस्तू तीच, रूप तेवढे दुसरे. उर्दू म्हणते मुतगय्यर. या शब्दाच्या मुळात 'गैर' बसला आहे. मग खरे काय मानायचे? बदललेली वस्तू तीच असते की दुसरी झालेली असते?

हा प्रश्न भंडाऱ्यात बसून विचारावा असाच आहे. नागपूरची सीताबर्डीची टेकडी काळ्या पत्थराची, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाची. त्या लाव्हाची चादर पूर्वेकडे आपल्या जिल्ह्यात येईतो सरते आणि कितीतरी जुने खडक उघडे पडतात. तुमसर तालुक्यातले चिखला आणि डोंगरी बुजुर्ग घ्या. (गावाला 'बुजुर्ग' हे नाव महसुली कारणाने मिळाले असेल, पण खडकांचे वय पाहता ते शोभते!) इथले मँगनीज एके काळी समुद्रतळावरचा गाळ होते. तो वाळू-चिखलाबरोबर खोल गाडला गेला आणि सुमारे शंभर कोटी वर्षांपूर्वी पर्वत घडताना उष्णता व दाब यांत सापडला. तो वितळला नाही, हे महत्त्वाचे. वितळला असता तर आतिशी झाला असता. घनरूपातच त्याचे कण नव्याने जुळले, त्यात गार्नेटचे खडे तयार झाले. अशा खडकाला फर्मर या भूवैज्ञानिकाने गोंड लोकांवरून 'गोंडाइट' नाव दिले. त्याचा मँगनीजवरचा मोठा ग्रंथ १९०९ चा. पुढे पाणी आणि हवेनेही या खडकांना बदलले. आज डोंगरीचे मँगनीज बॅटरीच्या सेलमध्ये जाते.

गाळ, गोंडाइट, सेल. मँगनीज तिन्हींत तेच. इथे मराठी शब्द खरा ठरतो.

पण चुनखडकाचा संगमरवर होतो तेव्हा काय घडते? चुना तोच राहतो, पण चुनखडकातले शंखशिंपले नव्या स्फटिकांत पुसून जातात. कोण जीव तिथे राहून गेले, हे संगमरवर सांगू शकत नाही. इथे उर्दू शब्द खरा.

आपल्याकडे ही चर्चा दगडापुरती राहत नाही. घरी उर्दू, बाजारात झाडीबोली आणि वहीत इंग्रजी असलेली मुले पाहून काही बुजुर्ग म्हणतात, "पोरं गैर झाली." दुसरे म्हणतात, "जमान्याप्रमाणे रूप बदलले, त्यात काय बिघडले?" मला दोघेही घाईत वाटतात. पहिले मँगनीज विसरतात, दुसरे शंख. नातीला दादीची पत्रे वाचता येत नसतील तर त्या घरातून काहीतरी गेलेच आहे. ते गेले, असे म्हणायला लाजू नये.

शिवाय, दाब कुणी दिला, हा प्रश्न दगडाच्या बाबतीत उद्भवत नाही. डोंगर जबाबदार नसतो. गावातली चौथीपुढची उर्दू शाळाच नाही म्हणून भाषा सोडणारी मुलगी आणि आवडीने दुसरी भाषा धरणारी मुलगी, दोघींचे रूपांतर बाहेरून सारखेच दिसेल. "बदल हा निसर्गाचा नियम आहे" असे पहिलीला सांगणे मला अन्यायाचे वाटते. निसर्गाच्या नावावर माणसांचे निर्णय खपवले जातात.

वैनगंगेची वाळू हीसुद्धा जुन्या खडकांचा चुरा. त्यातला काही पुढे प्राणहिता, गोदावरीतून बंगालच्या उपसागरात जाऊन थर धरतो. त्याचे पुढे काय होईल, हे पाहायला आपण नसू. तूर्त उर्दू उत्तरपत्रिकेत एखाद्या मुलीने उर्दू लिपीत 'रूपांतरित' लिहिले, तरी मी पूर्ण गुण देते.