पार्सलवर काय लिहायचे?

सुरी आणि तलवार यांच्यात अंतर किती? आयात-निर्यातीच्या मालाचे वर्गीकरण करण्यासाठी जगातले बहुतेक देश जी 'हार्मोनाइज्ड सिस्टिम' वापरतात, तिच्यात हे अंतर अकरा प्रकरणांचे आहे. सुऱ्या ८२व्या प्रकरणात येतात, पाने-पकडी आणि काटे-चमच्यांच्या शेजारी. तलवारी, संगिनी आणि भाले ९३व्या प्रकरणात, बंदुका आणि काडतुसांच्या सोबत. मराठीला हा निवाडा करावासा वाटलेला नाही. सुतार आपली 'हत्यारे' पिशवीत भरतो आणि मारेकरी 'हत्यार' घेऊन धावून येतो, शब्द एकच. पण परदेशी गिऱ्हाइकाला सुरी पाठवणाऱ्याला ही मोकळीक नाही. पार्सलवरच्या कागदात त्याला एक शब्द लिहावाच लागतो, आणि माझ्या मते या व्यापारातला नैतिक प्रश्न त्या एका शब्दापाशी येऊन थांबतो.

या धंद्यातले जोखमीचे बोलणे बहुधा विक्रेत्याच्या जोखमीचेच असते. माल कस्टम्समध्ये अडकेल, जप्त होईल, दंड बसेल, गिऱ्हाईक पैसे परत मागेल. ही भीती खोटी नाही, कारण प्रत्येक देशाने सुरीची व्याख्या आपापल्या अनुभवातून केली आहे. भारताच्या शस्त्रविषयक नियमांनी नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पाते शस्त्रांच्या यादीत घातले, आणि लगेच घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय व औद्योगिक कामासाठी घडवलेली पाती त्यातून वगळली. ब्रिटनने खटक्यासरशी उघडणाऱ्या चाकूंची विक्री आणि आयात १९५९ सालीच बंद केली. २००८ मध्ये तिथे पन्नास सेंटिमीटर व त्याहून लांब वक्र पात्याच्या तलवारींवर बंदी आली, आणि पुढे पारंपरिक पद्धतीने हाताने घडवलेल्या तलवारींना तीतून सूट मिळाली. म्हणजे एक कायदा पाते मोजतो, दुसरा खटका तपासतो, तिसरा ते कोणाच्या हातून कसे घडले हे विचारतो. हे सगळे वाचून माल पाठवणारा विक्रेता सावध म्हणायचा. पण या हिशेबात सौद्यात नसलेला माणूस कुठेच येत नाही. सुरी चुकीच्या हाती पडली तर जखम त्याला होणार असते. त्याने काही मागवलेले नसते, आणि विक्रेत्याला त्याचे अस्तित्वही ठाऊक नसते.

जुन्या विचारवंतांना तो दिसत होता. चिनी तत्त्वज्ञ मेन्शियस विचारतो, बाण करणारा चिलखत करणाऱ्यापेक्षा निर्दय असतो काय? नाही, पण आपला बाण कोणाला लागला नाही तर, ही एकाची चिंता, आणि आपले चिलखत घालून कोणी जखमी झाला तर, ही दुसऱ्याची. धंदा मनाला वळण लावतो, म्हणून तो निवडताना जपावे, असा त्याचा निष्कर्ष. बुद्धाने अंगुत्तर निकायात उपासकाला वर्ज्य असे पाच व्यापार सांगितले, त्यांतला पहिला शस्त्रांचा.

भाषांतर करणारीला मात्र इथे अडखळावे लागते. पालीतला 'सत्थ' म्हणजे संस्कृतातले 'शस्त्र'. सुश्रुताने शल्यवैद्याच्या पात्यांनाही 'शस्त्र'च म्हटले, आणि आपण आजही ऑपरेशनला शस्त्रक्रिया म्हणतो. मग बुद्धाने वर्ज्य केलेला व्यापार तलवारींचा, की न्हाव्याच्या वस्तऱ्याचाही? संदर्भाने अर्थ लागतो, पण शब्द एकटा निर्णय देत नाही. धार सगळीकडे सारखीच असते. ती कोणाच्या हाती, कशासाठी जाते यावरून नाव ठरते.

प्लेटोच्या 'रिपब्लिक'मध्ये सॉक्रेटिस सुरुवातीलाच हा पेच मांडतो. मित्राने भानावर असताना शस्त्र ठेवायला दिले, आता वेड लागल्यावर तो ते परत मागतो आहे, द्यावे का? वस्तू त्याची, मागणी रास्त, तरी देऊ नये, हे ऐकणाऱ्याला चटकन पटते. पटते याचे एक कारण असे की देणारा मित्राला समोर पाहतो आहे. सॉक्रेटिसच्या उदाहरणात चेहरा गृहीत धरलेला आहे. समुद्रापलीकडच्या गिऱ्हाइकाचा विक्रेत्याला फक्त पत्ता माहीत असतो.

गावच्या लोहाराकडे असा चेहरा होता. कोयता कोण नेतो, ऊस तोडायला की नारळ सोलायला, हे त्याला विचारावे लागत नसे. ऊसतोडीच्या धंद्यात तर नवराबायकोच्या जोडीलाच 'एक कोयता' म्हणून मोजतात. अवजार आणि माणूस यांच्यात तिथे फट उरलेली नाही. तोच शब्द पुण्याच्या बातम्यांत 'कोयता गँग' होऊन आला, तेव्हा पोलिसांनी विक्रेत्यांना गिऱ्हाइकाच्या ओळखपत्राची नोंद ठेवायला सांगितले. लोहाराला जे आपोआप कळत होते, ते शहराला वहीत लिहून मिळवावे लागले.

देशाची सीमा ओलांडली की ही वहीही पुरत नाही. ब्रिटनच्या २०१९च्या ऑफेन्सिव्ह वेपन्स अ‍ॅक्टने हे ओळखले. परदेशातल्या विक्रेत्यापर्यंत आपला हात सहज पोचणार नाही, म्हणून त्याच्याशी करार करून पात्याची वस्तू पोचवणाऱ्या कंपनीवरच जबाबदारी टाकली: घेणारा अठराच्या आतला असेल तर वस्तू त्याच्या हाती देणे हा तिचा गुन्हा. पार्सल घेऊन आलेला माणूस दारात उभा राहून वय विचारतो, तेव्हा तो खरे तर लोहाराचे काम करत असतो. त्याच कायद्यात शिखांच्या मोठ्या कृपाणासाठी जागा करावी लागली, कारण नुसती लांबी पाहिली तर श्रद्धेची वस्तूही गुन्ह्याची ठरली असती. एवढे करूनही तो दारातला माणूस पार्सल उघडत नाही. आत काय आहे हे त्याला कागदावरचा शब्द सांगतो.

शब्दाचे वजन किती, हे ब्रिटनच्याच आणखी दोन कायद्यांत दिसते. १९९७च्या नाइव्ह्ज अ‍ॅक्टने चाकूची जाहिरात 'लढाईला योग्य' अशा सुरात करणे गुन्हा ठरवले. पाते तेच राहिले, गुन्हा वर्णनात होता. २०१६ मध्ये 'झॉम्बी नाइफ'वर बंदी आली तेव्हा व्याख्येत कापणारी कड होती, दातेरी कड होती आणि तिसरी अट होती ती पात्यावर किंवा मुठीवर हिंसा सुचवणारी चित्रे वा शब्द असण्याची. व्यापाऱ्यांनी शब्द पुसले आणि तीच पाती विकत राहिले. शेवटी सप्टेंबर २०२४ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये शब्दांची अट गाळून आठ इंचांहून लांब, टोकदार, दाते किंवा भोके असलेल्या पात्यांवर बंदी घालावी लागली. कायद्याने शब्दांवर विश्वास ठेवून पाहिला. तो विक्रेत्यांनी मोडला, आणि मग कायदा लोखंड मोजू लागला.

यावर एक वजनदार आक्षेप आहे. ब्रिटनमध्ये धारदार शस्त्राने होणाऱ्या हत्यांत सर्वाधिक वापरली जाते ती स्वयंपाकघरातली साधी सुरी. तिच्यावर खरे नाव लिहून काय साधले? जर्मनीतले झोलिंगन शतकानुशतके पात्यांसाठी प्रसिद्ध आहे, तिथे घडलेल्या मालालाच ते नाव लावता येते असा नियम आहे, आणि ते शहर स्वतःला 'पात्यांचे शहर' म्हणवते. त्याच शहराच्या साडेसहाशेव्या वर्धापनदिनाच्या उत्सवात, २३ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, एकाने चाकूने तीन जणांना ठार केले. कारागिरीने इभ्रत कमावली म्हणून धार सुरक्षित होत नाही. आक्षेप मला मान्य आहे, पण त्यातून निघते ते वेगळे. गिऱ्हाइकाने पुढे काय केले याचा पूर्ण भार विक्रेत्यावर टाकता येत नाही; टाकला तर भाजी चिरण्याची सुरीही कोणी विकू शकणार नाही, आणि प्रत्येक नवा निर्बंध आधी लहान लोहाराचीच भट्टी विझवेल. पण परिणाम हातात नसला तरी वर्णन हातात असते. विक्रेत्याने उत्तर द्यायचे ते त्याचे.

'मी नाही पाठवली तर दुसरा पाठवेल' हा युक्तिवादही परिणामांबद्दलच आहे. दुसरा पाठवेल हे खरे असू शकते, पण त्याने माझ्या कागदावरचा शब्द खरा होत नाही.

म्हणून कसोटीचा क्षण माझ्या दृष्टीने अगदी साधा आहे. गिऱ्हाईक कळवते: पार्सलवर सुरी लिहू नका, 'शोभेची वस्तू' लिहा, नाहीतर कस्टम्समध्ये अडकेल. व्यापारात ही मामुली सवलत समजली जाते, किंमत कमी दाखवावी तशी. पण कापडाच्या गठ्ठ्यावर चुकीचे नाव पडले तर फार तर सरकारचा कर बुडतो. सुरीच्या बाबतीत तपासनिसाने डबा उघडायचा की नाही, पोचवणाऱ्याने वय विचारायचे की नाही, घरात आलेले खोके मुलाच्या खोलीत न्यायच्या आधी आईने उघडून पाहायचे की नाही, हे सगळे त्या एका शब्दावर ठरते. विक्रेत्याला चेहरा दिसत नाही, तो दिसण्याची शक्यता असलेली ही तीन माणसे. आणि खोटा शब्द तिघांचेही डोळे बांधतो. तोवर विक्रेत्याला काही माहीत नव्हते. ही विनंती आल्यावर मात्र गिऱ्हाइकाला काहीतरी लपवायचे आहे एवढे त्याला नक्की कळलेले असते. कारण कदाचित फक्त कर चुकवण्याचे असेल. तरी तिथे ऑर्डर नाकारावी, आणि झालेले नुकसान धंद्याच्या खर्चात धरावे. बाकीच्या पार्सलांवर 'सुरी' असे लिहावे, मग ती चार दिवस उशिरा पोचली तरी चालेल.